अठरा पूर्ण झाल्यावर: बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचं प्रशिक्षण आणि नोकरी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातली मराठी घरं, मंडळं आणि छोटे कारखानदार आम्हाला जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. काही प्रश्न मुलामुलींनी स्वतःच विचारलेले आहेत. ते वेगळे काढले नाहीत, तिथे फक्त 'तू' म्हटलंय. समग्र (राज्याचा ओळख क्रमांक), मूल निवासी (राज्याचा रहिवासी), अंकसूची (गुणपत्रिका) असे सरकारी शब्द इथे बोलतात तसेच ठेवलेत, कारण खिडकीवर तेच चालतात.

नेमकी कोणती मुलं? अनाथाश्रमातली ना?

सगळी अनाथ नसतात. काहींचे आईवडील हयात आहेत, पण सांभाळू शकत नाहीत. काही स्टेशनवर सापडलेली, काही घरातल्या मारहाणीतून सोडवलेली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली बाल कल्याण समिती त्यांना बालगृहात ठेवते, तर काहींना फोस्टर केअरमध्ये, म्हणजे एखाद्या कुटुंबाकडे ठरावीक काळासाठी सोपवते. (२०२४ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एकटी व्यक्तीही फोस्टर पालक होऊ शकते. हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही.)

अठरा वर्षं पूर्ण झाली की ही मुलं कायद्याने सज्ञान होतात आणि बालगृह सोडावं लागतं. इथून पुढच्या मदतीला 'आफ्टर केअर' म्हणतात. कायद्यात ती वयाच्या २१ वर्षांपर्यंत आहे, आणि विशेष परिस्थितीत नियमांनुसार आणखी दोन वर्षं वाढवता येते. व्याख्येतले शब्द 'संस्थात्मक देखरेखीतून बाहेर पडलेले' असे आहेत. त्यामुळे पुढे फोस्टर कुटुंबात गेलेल्या मुलानेही बालगृहात काढलेल्या काळाचे कागद जपून ठेवलेले बरे.

अठरावा वाढदिवस झाला की दुसऱ्याच दिवशी बाहेर काढतात का?

तसं होऊ नये म्हणून नियम आहे. २०१६ च्या आदर्श नियमांत स्पष्ट लिहिलंय की मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी त्याचा पुढचा आराखडा तयार करून समितीपुढे ठेवायचा. राहायचं कुठे, शिकायचं काय, लक्ष कोण ठेवणार, हे सगळं त्यात यायला हवं. आफ्टर केअरचा आदेश फॉर्म ३७ मध्ये निघतो.

आमचा आग्रह आहे की हे काम दोन महिने नव्हे, दोन वर्षं आधी सुरू व्हावं. सोळाव्या वर्षी मुलाला एकदा आयटीआयचं वर्कशॉप दाखवून आणा, बँकेत स्वतःची स्लिप भरू द्या, एकट्याने सिटी बसने जाऊन येऊ द्या. बालगृहात घंटा झाली की जेवण आणि घंटा झाली की झोप. गॅस सिलिंडर संपतो हेसुद्धा कधी पाहिलेलं नसतं, आणि अठरा झाल्यावर आपण एकदम म्हणतो, 'आता तू मोठा झालास.'

सरकारकडून किती पैसे मिळतात?

मुख्य वाटा दोन. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये आफ्टर केअरसाठी महिना ४,००० रुपये. आणि मध्य प्रदेशची स्वतःची मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना, २०२२ ची. तिच्यात संस्थेतून बाहेर पडलेल्या १८ वर्षांवरच्या मुलांसाठी तीन गोष्टी आहेत. उद्योगात इंटर्नशिप केली तर महिना ५,०००, जास्तीत जास्त एक वर्ष. आयटीआय, पॉलिटेक्निक, नर्सिंग, पॅरामेडिकल, हॉटेल मॅनेजमेंट असं व्यावसायिक प्रशिक्षण घेतलं तर महिना ५,०००, दोन वर्षांपर्यंत. आणि नीट, जेईई किंवा क्लॅटमधून प्रवेश मिळाला तर महिना ५,००० ते ८,००० राहण्याखाण्याचा खर्च, शिवाय फी राज्य भरतं.

साधारण अट अशी की बाहेर पडायच्या वर्षापर्यंत सलग पाच वर्षं संस्थेत काढलेली हवीत. अनाथ आणि टाकून दिलेल्या मुलांना या कालावधीत सूट आहे. अर्ज महिला एवं बाल विकास विभागाच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून पुढे जातो. पैसे थेट मुलाच्या खात्यात येतात. संस्थेच्या, ट्रस्टच्या किंवा 'आपल्या ओळखीच्या सरांच्या' खात्यात नव्हे. कोणी मधे खातं देऊ केलं तर सरळ नाही म्हणा.

ज्यांचे आईवडील कोविडमध्ये गेले, त्यांच्यासाठी पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन ही २०२१ ची योजना वेगळी आहे. त्यात १८ ते २३ या वयात दरमहा रक्कम आणि तेविसाव्या वर्षी १० लाख.

पैसे आहेत, आयटीआय आहे, मग घोडं अडतं कुठे?

पहिल्या महिन्यात. हा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून जरा सविस्तर.

आयटीआयचा प्रवेश झाला की दुसऱ्या दिवसापासून हजेरी लागते. खोलीचा मालक पहिल्याच दिवशी एक महिन्याचं भाडं आणि तेवढाच ॲडव्हान्स मागतो. मेसवाला आगाऊ मागतो. खाकी ड्रेस, बूट, ड्रॉइंगचं सामान त्याच आठवड्यात लागतं. योजनेचा हप्ता मात्र आदेश निघाल्यावर, खातं तपासल्यावर, आधार जोडल्यावर येतो. मधल्या काळात मुलगा काय करतो? रात्री लग्नांच्या सीझनमध्ये कॅटरिंगला जातो, कारण तिथे रोख मिळते आणि पोटभर जेवायलाही मिळतं. पहाटे तीनला परत येतो. सकाळी आठची हजेरी चुकते, पुन्हा चुकते. हजेरी ठरलेल्या टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेला बसता येत नाही. वर्षाच्या शेवटी फाइलवर शेरा पडतो: 'प्रशिक्षणात रस नाही.'

याच मुलाच्या जागी आपला भाचा असता तर काय केलं असतं? मामाने दहा हजार हातावर ठेवले असते आणि म्हटलं असतं, आले की दे. या मुलांना शिष्यवृत्तीपेक्षा त्या मामाची उणीव जास्त आहे. म्हणून कोणी मदत विचारली की आम्ही आधी हेच सांगतो: फी भरू नका, पहिले दोन महिने उचला.

कागदपत्रांचं काय? तिथेच महिने जातात म्हणे.

जातात, आणि दोष मुलाचा नसतो. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या अडचणी अशा:

आधार. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि फोटो अद्ययावत करणं सक्तीचं आहे. बालगृहात पन्नास मुलं असली की एखाद्याचं राहून जातं. मग अठराव्या वर्षी बँकेत अंगठा लावला की मशीन नाकारतं. आधी हे करून घ्या.

बँक खातं. अल्पवयीन असतानाचं खातं बालगृहाच्या अधीक्षकांच्या सहीने चालत असतं. अठरा झाल्यावर नवी सही आणि नवं केवायसी द्यावं लागतं. शिवाय खातं नुसतं आधारशी 'लिंक' असून भागत नाही, सरकारी पैसे येण्यासाठी त्याच खात्याचं सीडिंग, म्हणजे आधारवर येणारी रक्कम याच खात्यात जमा करायची अशी नोंद, झालेली असावी लागते. दोन बँकांत खाती असली तर रक्कम भलत्याच खात्यात जाते आणि मुलगा म्हणतो, आलीच नाही.

समग्र. मध्य प्रदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: इथे प्रत्येक कुटुंबाला आठ आकडी आणि प्रत्येक माणसाला नऊ आकडी समग्र आयडी असतो, आणि बहुतेक सरकारी फॉर्म त्याच्यापासूनच सुरू होतात. आता कुटुंबच नाही तर कुटुंबाचा आयडी कुठून आणायचा? एमपी ऑनलाइनच्या किऑस्कवरचा (सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रावरचा) पोरगा रकान्याकडे बोट दाखवतो, रकाना रिकामा ठेवला तर स्क्रीन पुढे सरकत नाही, आणि मागे रांग असते. बाहेर पडण्यापूर्वीच बालगृहाने नगर निगमच्या झोन कार्यालयातून हे करून दिलेलं सगळ्यांत उत्तम. नंतर करायचं तर समितीचा आदेश आणि अधीक्षकांचं पत्र घेऊन जा. तोंडी सांगून काहीही होत नाही.

नाव. बालगृहाच्या रजिस्टरमध्ये 'राजू', अंकसूचीवर 'राजकुमार', आधारवर 'राज कुमार'. एक अक्षर इकडेतिकडे असलं तरी अर्ज परत येतो. दहावीची अंकसूची प्रमाण धरा आणि बाकी सगळं तिच्याप्रमाणे करून घ्या. उलटं करायला गेलात तर बोर्डाचे हेलपाटे मागे लागतील.

मी दहावीत नापास झालो. आता माझं काय होणार?

पुष्कळ काही होऊ शकतं. आधी हे बघ की प्रत्येक ट्रेडला दहावी लागत नाही. वेल्डर, प्लंबर, वायरमन, कारपेंटर, शिलाई यांना आठवी पास चालते. वेल्डर आणि प्लंबर एका वर्षाचे आहेत. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट यांना दहावी लागते आणि दोन वर्षं जातात.

दुसरं, मध्य प्रदेश राज्य ओपन स्कूलची 'रुक जाना नहीं' योजना तुझ्यासारख्यांसाठीच २०१६ मध्ये सुरू झाली. यंदा चालू आहे का ते आधी विचारून घे. ज्या विषयांत गेलास तेवढेच पुन्हा दे. गणित अडलं असेल तर शिकवायला माणूस शोधू. रामबागेत आणि राजेंद्र नगरात निवृत्त मास्तर मंडळी काही कमी नाहीत, आणि त्यांना शिकवायला कोणी मिळालं तर ती खूशच होतात.

कोणता ट्रेड घ्यावा? इंदुरात कशाला मागणी आहे?

आधी मुलाला काय झेपतं आणि काय आवडतं ते बघा, मग मागणी. आमचा अनुभव उलट्या पद्धतीचा आहे. देणगीदार म्हणतात 'कॉम्प्युटर शिकवा', संस्था म्हणते 'शिलाईची मशिनं पडून आहेत', आणि मुलाला कोणी विचारतच नाही.

इंदूरजवळ पिथमपूर आहे, धार जिल्ह्यात. गाड्या, सुटे भाग, औषधं असे शेकडो कारखाने. शहराच्या आत सांवेर रोड आणि पोलोग्राउंडची औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळे फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांना इथे काम मिळतं. नंदानगरचं शासकीय संभागीय आयटीआय जुनं आणि मोठं आहे. प्रवेश राज्याच्या ऑनलाइन काउन्सेलिंगनेच होतो, थेट जाऊन काही होत नाही.

फिटरच्या वर्गात पहिले काही आठवडे काय चालतं ते सांगतो, म्हणजे मुलाला आधी कल्पना देता येईल. मशीनला हात लावू देत नाहीत. लोखंडाचा एक तुकडा व्हाइसमध्ये आवळून कानसीने घासायचा, गुण्या लावून उजेडासमोर धरायचा, फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायचं. तळहाताला फोड येतात. इन्स्ट्रक्टर बघतो आणि म्हणतो, 'अजून'. घरी आई असते ती हाताला तेल लावते आणि म्हणते, होईल. इथे ते म्हणणारं कोणीतरी असावं लागतं, कारण सगळ्यांत जास्त मुलं याच आठवड्यांत सोडून जातात. ज्याने तो तुकडा चारी बाजूंनी काटकोनात आणला, तो सहसा पुढे टिकतो.

दहावीत बरे गुण असतील आणि ड्रॉइंगची आवड असेल तर सांवेर रोडचं इंडो जर्मन टूल रूम जरूर बघा. टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा चार वर्षांचा आहे, प्रवेश परीक्षा आहे, खर्चही आयटीआयपेक्षा जास्त. पण सीएनसीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे, छोटे कोर्सही तिथे होतात. आयटीआय झाल्यावर मिलिंग किंवा टर्निंगचा एखादा कोर्स केला तर पगारात फरक पडतो.

हॉटेल आणि किचनची कामं इंदुरात भरपूर आहेत. हे खवय्यांचं गाव आहे, त्यात नवल नाही. पण तिथे रात्रीची पाळी, उभं राहणं आणि शिव्या, तिन्ही गृहीत धरा. हॉस्पिटलांत ड्रेसर, ओटी टेक्निशियन, लॅब टेक्निशियन लागतात. पॅरामेडिकलचा कोर्स घेताना संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही हे प्रवेशाआधी तपासा. गल्लीबोळांत नुसते बोर्ड लावून बसलेलेही आहेत.

शिकता शिकता कमवायचं असेल तर राज्याची सीखो कमाओ योजना आहे, २०२३ ची. तिच्यात दरमहा विद्यावेतन बारावी पासला ८,०००, आयटीआयला ८,५००, डिप्लोमाला ९,०००, पदवीधराला १०,००० असं ठरवलं गेलं. वय १८ ते २९ आणि मूल निवासी दाखला हवाच.

मुलींसाठी शिलाई किंवा ब्युटी पार्लर बरं ना? की सरळ लग्न लावून द्यावं?

हा प्रश्न चांगली माणसं चांगल्या मनाने विचारतात, म्हणून शांतपणे उत्तर देतो.

शिलाई वाईट नाही. इंदुरात रेडीमेड कपड्यांचा धंदा मोठा आहे, आणि ज्या मुलीला कटिंगमध्ये डोकं चालवायला आवडतं तिने ते जरूर करावं. पण ती मुलगी आहे एवढ्याच कारणाने नव्हे. इलेक्ट्रिशियनचं कोर्सवर्क ज्या मुलीला आवडतं, तिला तिथून परत बोलावू नका. बारावी झालेल्यांना नर्सिंग आहे. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं. बाल आशीर्वादमध्ये नर्सिंग येतंच.

लग्नाबद्दल एवढंच म्हणतो की जिच्या मागे माहेर नाही, तिच्या हातात आधी पगार असावा. संस्थेतल्या मुलीला 'बिना हुंड्याची, गरीब, ऐकणारी' समजून बघायला येणारी स्थळं आम्ही पाहिली आहेत. त्यांतली काही चांगलीही निघतात. पण काही वावगं घडलं तर ती परत कुठे येणार, हे आधी सांगा, मग पोहे करा.

राहण्यासाठी सखी निवास, म्हणजे नोकरी करणाऱ्या महिलांची सरकारी मदतीची वसतिगृहं, बघा. तिथे प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठीही काही जागा असतात.

खोली कोणी देत नाही. काय करायचं?

घरमालक विचारतात, 'मागे कोण आहे?' त्याचं उत्तर माणसानेच द्यावं लागतं, पत्राने नाही. मंडळातला एखादा कार्यकर्ता सोबत गेला, किरायानाम्यावर साक्षीदार म्हणून सही केली, आपला नंबर दिला की निम्मं काम होतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची जबाबदारी मालकाची आहे. ते टाळणाऱ्या मालकाकडे खोली घेऊच नका, उद्या मुलाच्याच अंगाशी येतं.

नियमांत सहा ते आठ जणांच्या गटाने एकत्र राहायची तात्पुरती सोयही सांगितलेली आहे. खासगीत तेच केलं तर तीन मुलांची एक खोली सगळ्यांत बरी पडते. एकट्याला एकटेपणा खातो, आणि सहा जण झाले की भांडी कोणी घासायची यावरून महाभारत होतं.

माझं सांवेर रोडवर छोटं युनिट आहे. एखादा मुलगा ठेवायचा आहे. नियम काय?

ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक, ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. ॲप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करा, करार करा. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन पाचवी ते नववीला ५,०००, दहावीला ६,०००, बारावी आणि आयटीआयला ७,००० ठरलं होतं. त्यातला २५ टक्के, कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार प्रोत्साहन योजनेतून थेट ॲप्रेंटिसच्या खात्यात भरतं.

आमच्या चार विनंत्या. पगार ठरल्या तारखेला द्या, पहिल्या महिन्यात तर नक्कीच. चहा आणायला पाठवायचं असेल तर सगळ्या नव्या मुलांना पाळीपाळीने पाठवा. 'हा आश्रमातला' अशी ओळख शॉपफ्लोअरवर करून देऊ नका. आणि एका जुन्या कारागिराला सांगा की याच्यावर लक्ष ठेव. त्या कारागिराचा थोडा मान राखला, तर तो मॅनेजरपेक्षा चांगलं सांभाळतो.

चोरीची भीती काही जण बोलून दाखवतात. नवीन माणसाला जितकं जोखून घेता तितकंच याला घ्या. जास्त नको, कमीही नको.

मुलगा निरीक्षणगृहात (गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीनांना ठेवतात तिथे) राहिलेला आहे. पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये अडेल का?

बाल न्याय कायद्याचं कलम २४ त्याच्या बाजूने आहे. अल्पवयात घडलेल्या आणि या कायद्याखाली निकालात निघालेल्या प्रकरणामुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि नोंदी ठरावीक काळाने नष्ट करायच्या असतात. अपवाद १६ वर्षांवरच्या ज्याच्यावर सज्ञान म्हणून खटला चालला त्याचा. ठेकेदाराने फॉर्मवर प्रश्न विचारला आणि मुलगा गोंधळला, तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. घाबरून खोटं लिहिण्याआधी तिथे जा.

फॉर्मवर वडिलांचं नाव काय लिहू? आणि कामावर सांगू का मी कुठे वाढलो ते?

तुझ्या दहावीच्या अंकसूचीवर जे आहे तेच सगळीकडे लिही. तिथे अधीक्षकांचं नाव पालक म्हणून असेल तर तेच. काहीच नसेल तर समितीचा आदेश जोडायचा.

सांगायचं की नाही, हे तुझं तू ठरव. कोणी तुला भाग पाडू शकत नाही. काही मुलं पहिल्याच दिवशी सांगून मोकळी होतात, काही दोन वर्षं बोलत नाहीत, आणि दोन्ही बरोबर. दिवाळीत 'गावी जात नाहीस का?' हा प्रश्न मात्र येणारच. त्याला एक छोटं उत्तर आधीच तयार ठेव.

चार महिन्यांत सोडून जातात. मग इतकी मेहनत कशाला?

काही जातात. आपल्या घरातली मुलंही इंजिनिअरिंग अर्धवट सोडतात, तेव्हा आपण म्हणतो की त्याला ते आवडलं नाही, आता दुसरं बघतोय. इथे लगेच 'कृतघ्न' हा शब्द येतो. तो वापरू नका.

सोडण्याची कारणं बहुतेक वेळा ठरलेलीच असतात. पिथमपूरच्या बसचा आणि पाळीचा मेळ बसत नाही. ठेकेदार पगारातून काहीतरी कापतो आणि विचारायचं कोणाला ते कळत नाही. पहिला पगार आला की फोन आणि कपड्यांत उडतो, मग भाडं थकतं, मग लाज वाटते, मग फोन बंद. हा शेवटचा टप्पा ओळखा. फोन बंद झाला की रागावलेला मेसेज पाठवू नका, रविवारी खोलीवर जाऊन या. बरीच प्रकरणं तिथेच सुटतात.

पैशांचं नियोजन शिकवायचं तर त्याचाच पगार, त्याचाच कागद, त्याचीच पेन्सिल. तुम्ही शेजारी बसायचं, एटीएम कार्ड आपल्याकडे ठेवून घ्यायचं नाही. कितीही चांगल्या हेतूने असलं तरी नाही.

धंदा सुरू करायला कर्ज मिळतं का?

छोट्या धंद्यांसाठीची मुद्रा कर्जयोजना आहे, कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा आहे. विश्वकर्मात १८ पारंपरिक कामं येतात. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० आणि पुढे ५ टक्के व्याजाने कर्ज. पण त्यासाठी माणूस ते काम आधीपासून करत असावा लागतो. आमचं मत विचाराल तर वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने आधी दोनतीन वर्षं दुसऱ्याकडे काम करावं. ज्याच्याकडे हप्ता चुकल्यावर परत जायला घर नाही, त्याला कर्ज घ्यायला उत्तेजन देणं बरोबर नाही.

महाराष्ट्रात अनाथांना आरक्षण आहे ना? इथे लागू होईल का?

महाराष्ट्राने २०१८ मध्ये एक टक्का समांतर आरक्षण दिलं. ते महाराष्ट्राचं आहे. मराठी बोलतो म्हणून इंदूरच्या मुलाला त्याचा उपयोग नाही.

मुलगी अमेरिकेत असते, ती म्हणते तिथे यासाठी व्हाउचर असतात. खरं का?

खरं आहे. तिथे १९९९ च्या चाफी कायद्याने फोस्टर केअरमधून बाहेर पडणाऱ्यांसाठी वेगळा निधी ठेवला, आणि शिक्षण-प्रशिक्षणासाठी वर्षाला ५,००० डॉलरपर्यंतचं व्हाउचर वयाच्या २६ वर्षांपर्यंत मिळू शकतं. तिला इथे काही पाठवायचं असेल तर खालचा प्रश्न वाचायला सांगा.

आमचं मंडळ लहान आहे. काय द्यावं?

वाढदिवसाची जेवणं नकोत. बालगृहात वाढलेल्या मुलाने अनोळखी लोकांचे शेकडो केक कापलेले पाहिले आहेत, आणि श्रीखंड-पुरीचा त्याला कंटाळा आलेला आहे. ब्लँकेटंही पुरे झाली.

हे द्या: खोलीचा ॲडव्हान्स, परत करायच्या बोलीवर. दोन महिन्यांचा डबा. सेफ्टी शूज, योग्य मापाचे. वेल्डरला चांगली काच असलेली स्क्रीन, कारण स्वस्तातली घेतली की रात्रभर डोळे चुरचुरतात. एक सायकल. गणपतीच्या वर्गणीतून यातलं काही ना काही सहज निघतं.

आणि माणूस द्या. एका मुलामागे एक घर, किमान दोन वर्षं. महिन्यातून दोनदा जेवायला, दवाखान्यात सोबत, दिवाळीला फराळ. दहा मुलांना एकेक तास देण्यापेक्षा एकाला दोन वर्षं द्या.

फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. अशा मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अठरा झाल्यावरही विचारल्याशिवाय नकोच.

नोकरी लागली! फॉर्म भरताना काही बघायचं का?

अभिनंदन. तीन गोष्टी बघ. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, लिहून ठेव, कंपनी बदललीस तरी तोच राहतो. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कार्ड मागून घे, नंदानगरला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. आणि पीएफच्या नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नकोस. कुटुंब नसेल तर तुझ्या विश्वासातल्या कोणाचंही नाव लिहिता येतं, मित्राचंसुद्धा. पुढे लग्न झालं की ते आपोआप रद्द होतं आणि नवं भरावं लागतं.

आत्ता या क्षणी कोणाकडे जावं?

अठराच्या आतल्या मुलासाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन. अठरावरच्यांसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्ष, आणि तिथे दाद लागली नाही तर बाल कल्याण समिती. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, पोच देणाऱ्याचं नाव आणि तारीख मागच्या बाजूला लिहा. मूळ अंकसूची कोणाच्याही हातात देऊ नका, सोबत झेरॉक्सचे पाच संच न्या. दुपारी लंचच्या वेळी जाऊ नका.